टोपीचा राजा : आरागॉनच्या गादीवरचा फ्रेंच हक्क

(पडद्यावर : पिरनीज पर्वताच्या दक्षिण पायथ्याचा प्रदेश, ल्येर्स गाव)

इसवी सन 1285. कॅटलोनियातल्या ल्येर्सच्या किल्ल्यात एका पंधरा वर्षांच्या मुलाला राजा करायचं चाललंय. मुलगा फ्रान्सच्या राजाचा धाकटा चिरंजीव. समोर पोपचा प्रतिनिधी, कार्डिनल झाँ शोले. फौज आहे, निशाणं आहेत, प्रार्थना म्हणायला धर्मगुरू आहेत. नाही तो मुकुट. आरागॉनचा, म्हणजे कॅटलोनियासह आजच्या स्पेनच्या ईशान्येकडच्या राज्याचा, मुकुट ज्याचा, तो राजा पेद्रो तिसरा जिवंत आहे, धडधाकट आहे आणि याच मुलखात आपली माणसं घेऊन फिरतोय. मग, असं सांगतात, कार्डिनलने आपली तांबडी, रुंद कडांची टोपी काढली आणि मुलाच्या डोक्यावर ठेवली. झाला राजा.

कॅटलान लोकांनी ही हकिकत पुढे चवीने सांगितली. तिथून काही कोसांवर पेरालादा नावाचं गाव आहे. त्या गावच्या रामोन मुंतानेरने आपल्या इतिवृत्तात या मुलाला कायमचं नाव देऊन टाकलं : टोपीचा राजा.

मुलाचं खरं नाव शार्ल. पुढे वडिलांनी दिलेल्या परगण्यावरून इतिहास त्याला शार्ल द व्हाल्वा म्हणून ओळखतो. आणि ज्याची गादी त्याला हवी होती, तो पेद्रो त्याचा कोण? सख्खा मामा.

(पडद्यावर : वंशावळ. पेद्रो आणि इसाबेल, बहीणभाऊ)

शार्लची आई इसाबेल ही आरागॉनची राजकन्या, पेद्रोची बहीण. ती फ्रान्सच्या फिलिप तिसऱ्याला दिलेली. 1271 साली ट्युनिसच्या धर्मयुद्धाहून परतताना इटलीच्या दक्षिण टोकाला ती घोड्यावरून पडली. पोटात मूल होतं. दोघंही वाचली नाहीत. शार्ल तेव्हा एक वर्षाचाही नव्हता. म्हणजे आईकडचं त्याला काही आठवत असण्याची शक्यताच नाही. पण आईच्या माहेरचं राज्य मात्र तेरा वर्षांनी त्याच्या नावावर लिहिलं गेलं.

लिहिलं कोणी? पोप मार्टिन चौथा याने. आणि का लिहिलं, हे समजायला आधी सिसिलीत जावं लागतं.

(पडद्यावर : पालेर्मो, सांतो स्पिरितो चर्च)

30 मार्च 1282. ईस्टरचा सोमवार. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ. पालेर्मोच्या या चर्चसमोर जमलेल्या गर्दीत एका फ्रेंच शिपायाने एका बाईची छेड काढली, असं म्हणतात. नवऱ्याने सुरा काढला. रात्र संपेपर्यंत शहरात फ्रेंच माणूस शोधून शोधून मारला जात होता. सिसिलीवर तेव्हा राज्य होतं आंजूच्या शार्लचं. हा आपल्या शार्लचा चुलतआजोबा, फ्रान्सच्या नवव्या लुईचा धाकटा भाऊ. 1266 साली बेनेव्हेंतोच्या लढाईत त्याने सिसिलीचा राजा मानफ्रेड याला मारून ते राज्य मिळवलं होतं, तेही पोपच्याच आशीर्वादाने. दोन वर्षांनी मानफ्रेडचा पुतण्या कॉनराडिन हक्क सांगायला आला, तर सोळा वर्षांच्या त्या पोराचं डोकं नेपल्सच्या बाजारचौकात उडवलं.

मानफ्रेडची मुलगी कॉन्स्टन्स मात्र वाचली होती, कारण ती केव्हाच लग्न होऊन आरागॉनला गेली होती. तिचा नवरा पेद्रो. ऑगस्ट 1282 मध्ये पेद्रोचं आरमार सिसिलीच्या त्रापानी बंदरात लागलं आणि बायकोच्या हक्काने तो सिसिलीचा राजा झाला. सिसिलीच्या लोकांनी त्याला बोलावलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आरागॉनच्या लोकांनी आपल्या शार्लला कधीच बोलावलं नाही.

पोप संतापला. मार्टिन चौथा जन्माने फ्रेंच, फ्रान्सच्या दरबारात वाढलेला, आणि त्याच्या निवडीत आंजूच्या शार्लचा मोठा हात. त्याने आधी पेद्रोला धर्मबहिष्कृत केलं आणि मार्च 1283 मध्ये त्याचं आरागॉनचं राज्यच काढून घेतल्याचं जाहीर केलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचा हा प्रकार. पण पोपच्या बाजूने एक कागद होता, हेही सांगायला हवं. पेद्रोच्या आजोबांनी 1204 साली रोममध्ये जाऊन पोपच्या हातून मुकुट घेतला होता आणि आपलं राज्य पोपचं मांडलिक म्हणून लिहून दिलं होतं. दरसाल खंडणीही कबूल केली होती. तेव्हा पोपचे वकील म्हणू शकत होते : मालक आम्ही, हा वहिवाटदार बेइमान निघाला, जमीन दुसऱ्याला देतो.

पेद्रोला हा धोका ठाऊक होता. 1276 मध्ये सारागोसात अभिषेक होताना त्याने जाहीर करून ठेवलं होतं की हा मुकुट आपण चर्चकडून घेत नाही. हा राजा कागदाला कागदाने उत्तर देणारा होता. त्याचा सर्वात मजेदार नमुना बोर्दोमध्ये सापडतो.

(पडद्यावर : बोर्दो, गारोन नदी)

सिसिलीचा वाद मिटवायला पेद्रो आणि आंजूचा शार्ल यांनी ठरवलं की रणांगणाऐवजी द्वंद्व करू. दोन्हीकडे शंभर-शंभर सरदार. जागा बोर्दो, कारण ते तेव्हा इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात, म्हणजे तटस्थ. तारीख 1 जून 1283. पोपने मनाई केली. इंग्लंडचा एडवर्ड पहिला याने पंच व्हायला साफ नकार दिला. तरी दोघे आले. पण एकमेकांना भेटले नाहीत.

फ्रान्सच्या राजाची माणसं वाटेवर दबा धरून आहेत, अशी पेद्रोला बातमी होती. तो घोड्यांच्या एका व्यापाऱ्याचा नोकर बनून, वेष पालटून, मोजक्या माणसांसह शहरापर्यंत आला. इंग्लंडच्या राजाच्या कारभाऱ्याला त्याने गाठलं, ओळख दिली आणि विचारलं, इथे माझ्या जिवाची हमी देता का? कारभारी म्हणाला, नाही देऊ शकत. पेद्रोने मैदानाला घोड्यावरून फेरी मारली, आपण ठरल्या दिवशी हजर होतो असा लेखी दस्त करून घेतला, खूण म्हणून आपली शस्त्रं तिथे ठेवली आणि निघून गेला. नंतर आंजूचा शार्ल लवाजम्यासह मैदानात उतरला. प्रतिस्पर्धी नाही म्हणून विजय आपलाच, असं त्यानेही जाहीर केलं. तारीख ठरली होती. तास कोणी ठरवला नव्हता.

(पडद्यावर : पॅरिस, सीन नदीतलं बेट)

आता पोपच्या हातात एक मोकळी गादी होती, निदान कागदावर. ती त्याने फिलिप तिसऱ्याला देऊ केली. अटी नीट लिहिलेल्या होत्या. राज्य थोरल्या मुलाला मिळणार नाही, म्हणजे फ्रान्स आणि आरागॉन एका डोक्यावर यायचे नाहीत. नवा राजा पोपचा मांडलिक राहील आणि दरवर्षी पाचशे पौंड भरेल. मोबदल्यात, पेद्रोविरुद्धची मोहीम हे धर्मयुद्ध मानलं जाईल. जेरुसलेमला जाऊन लढल्याचं जे पुण्य, तेच कॅटलोनियातल्या जिरोना शहरात लढल्याचं. शिवाय फ्रान्सच्या चर्चच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा युद्धाच्या खर्चाला.

फेब्रुवारी 1284 मध्ये पॅरिसला सरदार आणि धर्मगुरू जमले. दोन गटांनी वेगवेगळं बसून विचार केला आणि दोघांचंही उत्तर एकच आलं : घ्यावं. फिलिपने शार्लचं नाव पुढे केलं. त्या वेळी तो चौदा वर्षांचा व्हायचा होता. तेव्हापासून कागदपत्रांत तो आरागॉन आणि व्हॅलेन्सियाचा राजा, बार्सेलोनाचा काउंट. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, म्हणतात ते हेच. पण युरोपातल्या कायदेपंडितांसाठी ही थट्टा नव्हती. पोपची सनद होती, तिच्यावर शिक्का होता.

मुलाचा थोरला भाऊ फिलिप, पुढचा फिलिप चौथा, या सगळ्यावर फारसा खूश नव्हता, असं कॅटलान बखरकार सांगतात. मामाबद्दल त्याला ओढ होती म्हणे. कॅटलान लोकांनी ही बाब फुगवली असेलही. पण फ्रान्सचा राजा झाल्यावर त्याने आरागॉनच्या मोहिमेत रस दाखवला नाही, हे मात्र दिसतं.

इकडे पेद्रोच्या घरातही सगळं सुरळीत नव्हतं. सिसिली घेताना त्याने आपल्या सरदारांना विचारलं नव्हतं. पोपचा बहिष्कार आला, फ्रेंच युद्धाचं सावट आलं, तसे आरागॉनचे सरदार आणि नगरं एकत्र झाली. ऑक्टोबर 1283 मध्ये सारागोसाला त्यांनी राजाकडून हक्कांची मोठी यादी कबूल करून घेतली. बार्सेलोनालाही तसंच. राजा अडचणीत आहे तोवर पदरात पाडून घ्या, असा सरळ हिशेब. एवढं भांडूनही फ्रेंच मुलाच्या बाजूने मोठा उठाव झाला नाही. भांडण घरातलं होतं. अपवाद एकच, आणि तो चांगलाच महागात पडला : पेद्रोचा सख्खा धाकटा भाऊ हाउमे, मायोर्काचा राजा. पिरनीजच्या उत्तरेचा रोसियों प्रांत त्याच्याकडे होता आणि त्याने फ्रेंचांना वाट मोकळी करून दिली.

(पडद्यावर : नकाशा. पर्पिन्याँपासून जिरोनापर्यंत बाण)

1285 च्या वसंतात फिलिप तिसरा निघाला. सोबत दोन्ही मुलगे, कार्डिनल शोले आणि फ्रान्सने बऱ्याच काळात पाहिली नव्हती एवढी फौज. रोसियोंतल्या एल्न गावाने दरवाजे लावले, तेव्हा गाव फोडून कत्तल केली. पानिसार्सच्या खिंडीत पेद्रो वाट अडवून बसला होता. त्याच्याकडे माणसं थोडी, पण त्यांत अल्मोगावर होते.

हे अल्मोगावर म्हणजे सरहद्दीवर वाढलेले पायदळी लढवय्ये. अंगावर चिलखत नाही, पायात चामड्याच्या वहाणा, पाठीला भाकरीची पिशवी, हातात आखूड भाला आणि फेकायच्या बरच्या. लोखंडात मढलेला फ्रेंच सरदार समोर आला की ते आधी घोडा पाडायचे. डोंगरात त्यांच्याशी गाठ म्हणजे फ्रेंचांना नकोसं काम. फिलिपने वाटाडे मिळवले, मसाना नावाच्या आडवाटेने रस्ता तयार करवला आणि फौज पलीकडे उतरली. पेद्रोने मागे हटताना मुलूख रिकामा केला. पेरालादा गाव पेटलं. मुंतानेर तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याचं घर त्या आगीत गेलं. टोपीच्या राजावरची त्याची धार कुठून आली, हे आता वेगळं सांगायला नको.

याच मुक्कामात ल्येर्सला शार्लच्या डोक्यावर ती टोपी चढली.

(पडद्यावर : जिरोना, ओन्यार नदी, तटबंदी)

जिरोनाला वेढा पडला जूनच्या अखेरीस. किल्लेदार होता रामोन फोल्क द कार्दोना. फ्रेंचांचा अंदाज होता शहर लवकर पडेल. जुलै गेला, ऑगस्ट गेला. भूमध्य समुद्राकाठचा उन्हाळा, हजारो माणसं, हजारो घोडी, मेलेली जनावरं उघड्यावर. छावणीत हगवण पसरली. आणि माश्या आल्या. जिरोनाचे लोक आजही सांगतात की फ्रेंच शिपायांनी संत नार्सिसची कबर उचकटली आणि तिच्यातून माश्यांचे थवेच्या थवे निघाले. ज्याला डसल्या तो मेला, घोडा असो की माणूस. संत नार्सिसच्या माश्या शहराचं चिन्ह होऊन बसल्या आहेत. दुकानांत त्या माशीच्या आकाराच्या वस्तू मिळतात. मला विचाराल तर एवढ्या घाणीत माश्यांना संताच्या शिफारशीची गरज नव्हती, पण लोकांनी विजयाचं श्रेय आपल्या माणसाला दिलं, त्यात वावगं काय.

खरा घाव मात्र समुद्रावर बसला. एवढ्या फौजेचं धान्य फ्रेंच आरमार किनाऱ्याने आणत होतं. पेद्रोने सिसिलीहून आपला सरखेल रोजर द लॉरिया याला बोलावलं. आदल्याच वर्षी याने नेपल्सच्या उपसागरात आंजूच्या शार्लच्या मुलाला जिवंत पकडलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला, रात्रीच्या अंधारात, फोर्मिगेस बेटांजवळ त्याने फ्रेंच आरमार मोडून काढलं. कैद्यांचं त्याने जे केलं ते कॅटलान इतिवृत्तकारानेही लपवलेलं नाही : शेकडो माणसांचे डोळे काढले आणि एकाचा एक डोळा शिल्लक ठेवला, बाकीच्यांना राजापर्यंत नेऊन पोचवायला.

त्याच दिवसांत जिरोना शरण आलं. पण धान्य येणार कुठून? मिळालेल्या शहरात थोडी शिबंदी ठेवून फ्रेंच फौज मागे फिरली. राजा फिलिप स्वतः आजारी, पालखीत. पानिसार्सच्या खिंडीत पुन्हा पेद्रो. राजघराण्याला जाऊ द्या, असा निरोप थोरल्या भाच्याने मामाला पाठवला आणि मामाने तो मानला. राजाची पालखी आणि राजपुत्र गेले. मागून येणाऱ्या फौजेवर अल्मोगावर तुटून पडले. 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर, दोन दिवस कापाकापी चालली. टोपीचा राजा आपल्या राज्यातून असा बाहेर पडला, मामाच्या परवानगीने. पुन्हा त्याने तिथे पाऊल टाकलं नाही.

5 ऑक्टोबरला फिलिप तिसरा पर्पिन्याँमध्ये वारला. प्रेत पॅरिसपर्यंत टिकणार नव्हतं, म्हणून ते उकळलं. मांस नारबोनला पुरलं, हाडं सें-दनीला गेली.

आता 1285 ची यादी बघा. जानेवारीत आंजूचा शार्ल गेला. मार्चमध्ये पोप मार्टिन गेला. ऑक्टोबरमध्ये फिलिप. आणि 11 नोव्हेंबरला पेद्रो, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, दगाबाज भावाचा समाचार घ्यायची तयारी करत असताना. ज्यांनी भांडण उभं केलं ते चौघेही एका वर्षात संपले. उरला पंधरा वर्षांचा शार्ल आणि त्याच्या हातातला कागद.

(पडद्यावर : आंजेचा किल्ला, लुआर खोरं)

इथे सामान्य माणूस म्हणेल, फाडून टाका तो कागद. शार्लने तसं केलं नाही, आणि त्याच्या आयुष्याची खरी गंमत इथे आहे. गादी मिळाली नाही तरी गादीवरच्या हक्काला भाव असतो. जोवर शार्ल स्वतःला आरागॉनचा राजा म्हणवतो, तोवर आरागॉनशी कुणाचाच तह पक्का होत नाही. ज्यांना तह हवा, त्यांनी आधी शार्लला गप्प करायचं. सर्वात जास्त निकड होती आंजू घराण्याला. त्यांचा राजपुत्र लॉरियाने पकडलेला, सुटून आला तो डोक्यावर तहाचं ओझं घेऊन. 1290 साली त्याने आपली मुलगी मार्गरीट शार्लला दिली आणि हुंडा म्हणून आंजू आणि मेन, हे दोन्ही प्रांत. मोबदला : आरागॉनवरचा हक्क सोडायचा. पक्कं निस्तरायला 1295 चा अनान्यीचा तह उजाडावा लागला. एका टोपीच्या बदल्यात फ्रान्समधले दोन भरघोस प्रांत. सौदा वाईट म्हणता येणार नाही.

चटक लागली. मार्गरीट वारल्यावर 1301 मध्ये त्याने कॅथरीन द कुर्तने हिच्याशी लग्न केलं. ती कॉन्स्टँटिनोपलची सम्राज्ञी, पुन्हा कागदावर. शहर ग्रीकांनी तिच्या आजोबांकडून 1261 मध्येच परत घेतलं होतं. पोप बोनिफास आठवा याने शार्लला फ्लॉरेन्समध्ये शांतता करायला पाठवलं. तो आला, एका पक्षाने दुसऱ्याला लुटलं, आणि हद्दपार झालेल्यांत दान्ते अलिगिएरी नावाचा कवी होता. त्याने पुढे आपल्या काव्यात शार्लच्या हाती येशूला दगा देणाऱ्या यहूदाचा भाला दिला. नंतर हा गडी सिसिलीवर स्वारी करायला गेला आणि नामुष्कीचा तह करून आला. फ्लॉरेन्सचा इतिहासकार व्हिलानी याने टोला हाणलाय : शांततेसाठी गेला तिथे युद्ध ठेवून आला, युद्धासाठी गेला तिथे शांतता करून आला.

कॉन्स्टँटिनोपलसाठी त्याने व्हेनिसशी करार केला, आणि फौज म्हणून नजर टाकली ती ग्रीसमध्ये भटकणाऱ्या कॅटलान भाडोत्री टोळीवर. टोळीत कोण? अल्मोगावर. शार्लचा माणूस तिबो द शेपुआ 1307 मध्ये तिकडे पोचला, आणि वाटेत त्याच्या सोबतच्या व्हेनिसच्या गलबतांनी एक कॅटलान जहाज पकडलं. त्यावर होता रामोन मुंतानेर. पेरालादाचा तोच. त्याचं सामान लुटलं गेलं, त्याला टोळीकडे परत पाठवलं आणि टोळीने शार्लच्या नावाने निष्ठेची शपथ घेतली. थोड्याच काळात ती शपथ हवेत विरली, शेपुआ गुपचूप निघून गेला. दरम्यान कॅथरीनही वारली होती. सम्राज्ञीपद मुलीकडे गेलं आणि शार्लने तेही पुढे तिच्या लग्नाच्या बोलणीत वापरलं. मधल्या काळात, 1308 साली, जर्मन सम्राटाच्या निवडणुकीतही तो उभा राहून हरला होता.

(पडद्यावर : मोंफोकाँचा फाशीचा चबुतरा, जुनं चित्र)

1315 मध्ये मृत फिलिप चौथ्याचा मंत्री मारिन्यी याला फासावर चढवण्यात शार्लचा पुढाकार होता. दहा वर्षांनी शार्लला अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा पॅरिसच्या गोरगरिबांना दानधर्म वाटला गेला आणि घेणाऱ्यांना सांगितलं गेलं : मारिन्यीसाठी आणि शार्लसाठी प्रार्थना करा. त्या क्रमाने. डिसेंबर 1325 मध्ये तो वारला. राजाचा मुलगा, राजाचा भाऊ, तीन राजांचा काका, आणि स्वतः कुठेच राजा नाही.

तीन वर्षांनी ते तिन्ही पुतणे मुलगा न ठेवता संपले होते. फ्रान्सची गादी शार्लच्या मुलाकडे आली, फिलिप सहावा म्हणून. व्हाल्वा घराणं पुढे 1589 पर्यंत टिकलं. फक्त त्या गादीवर लगेच दुसऱ्याने हक्क सांगितला : इंग्लंडचा एडवर्ड तिसरा, आईकडून फिलिप चौथ्याचा नातू. 1340 मध्ये त्याने गेंट शहरात स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणून जाहीर केलं. युद्ध शंभर वर्षांहून जास्त चाललं, इंग्लंड हरलं, आणि तरीही इंग्लंडचे राजे आपल्या बिरुदांत फ्रान्सचं नाव 1801 पर्यंत लावत राहिले.